चिकाटीवरचा साठ सेकंदांचा जाहिरातपट कसा दिग्दर्शित करावा

पुण्यातल्या महाविद्यालयांत माध्यमांचे किंवा जाहिरातकलेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना केव्हा ना केव्हा साठ सेकंदांचा जाहिरातपट करावा लागतो, आणि विषय निवडण्याची मुभा मिळाली की बरेच गट चिकाटीवर येऊन थांबतात. त्याचे मला नवल वाटत नाही. ज्या शहरात सदाशिव पेठेतल्या आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळत असतात आणि स्पर्धा परीक्षेचा तिसरा-चौथा प्रयत्न देणारी मुले एकाच मेसच्या बाकावर शेजारी-शेजारी जेवतात, तिथे हा विषय रोज डोळ्यांसमोर असतो. अडचण कागदावर उतरताना येते, कारण पटकथेच्या पहिल्या मसुद्यात बहुधा पर्वतीच्या पायऱ्या धावत चढणारा मुलगा असतो, तो पडतो, पाऊस येतो, आईचा फोटो दिसतो, तो पुन्हा उठतो आणि शेवटी टाळ्या वाजतात. गेली काही वर्षे अशा गटांना मार्गदर्शन करताना जे उपयोगी पडले, ते येथे एका काल्पनिक उदाहरणाच्या आधाराने सविस्तर लिहीत आहे.

जिद्द आणि चिकाटी हे शब्द आपण मराठीत जोडीने वापरतो. दिग्दर्शकाने ते आधी वेगळे करावेत. जिद्द एका क्षणात दिसते, तिला आवळलेली मूठ किंवा रोखलेली नजर पुरते. चिकाटी दिसायला मात्र काळ लागतो: तीच व्यक्ती, तेच काम, तीच जागा आणि मधे सरलेले महिने. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे सुटी स्थिर चित्रे, धरली तर साठ सेकंदांत आपल्या हाती फक्त १,५०० फ्रेम असतात, आणि तेवढ्यात वर्ष-दीड वर्ष गेल्याची जाणीव प्रेक्षकाला करून द्यायची असते. या जाहिरातपटातली खरी दिग्दर्शकीय कसोटी हीच आहे आणि तिचे सर्वांत विश्वासू साधन पुनरावृत्ती हे आहे. एकच चौकट, म्हणजे त्याच जागेचे त्याच कोनातून घेतलेले दृश्य, प्रेक्षकाला इतक्या वेळा दाखवावी की ती त्याच्या ओळखीची होईल. मग तिच्यातला लहानसा बदलही त्याला आपणहून दिसतो, आणि प्रेक्षकाने स्वतः टिपलेला बदल त्याच्या मनाला अधिक लागतो.

उदाहरण असे घेऊ. उत्पादन आहे शाळेची वही. पात्र आहे मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एक मावशी. त्यांनी दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे, आणि दुपारची पंगत उठल्यावर त्या ओट्यापाशी स्टुलावर बसून बीजगणित सोडवतात. चौकट एकच: खिडकी, ओटा, स्टूल, वही. ती पहिल्यांदा दिसते तेव्हा खिडकीत ओली छत्री अडकवलेली असते. दुसऱ्यांदा बाहेर आकाशकंदील असतो. तिसऱ्यांदा ताटात गुळाच्या पोळ्या असतात आणि मावशींच्या अंगात स्वेटर असतो. नंतर परीक्षा, आणि निकाल. गणितात पस्तीस गुण हवे होते, एकतीस मिळाले. चौथ्यांदा तीच चौकट येते, ओट्याखाली आंब्याची पेटी असते, आणि स्टूल रिकामे असते.

या रिकाम्या स्टुलासाठीच पहिल्या तीन चौकटी उभ्या केलेल्या असतात, म्हणून वेळेचे वाटप तिथूनच मागे मोजत करावे. मी ते असे करीन: पहिली चौकट नऊ सेकंद, दुसरी सात, तिसरी पाच, मधले बारीकसारीक शॉट मिळून बारा सेकंद, निकाल पाच, रिकामे स्टूल सहा, मावशींचे परत येणे बारा, आणि अखेरची चार सेकंदे वहीच्या नावासाठी. पुनरावृत्ती प्रत्येक वेळी आखूड होत जाते, कारण ओळखीची जागा वाचायला प्रेक्षकाला कमी वेळ पुरतो. रिकामे स्टूल मात्र अपेक्षेपेक्षा लांबते. सहा सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण जाहिरातीत काहीही न घडता सहा सेकंद काढणे फार धीराचे काम आहे, आणि संकलनाच्या टेबलावर सगळा गट 'इथे कापू या' म्हणेल तेव्हा दिग्दर्शकाने तिथे ठाम राहावे.

चौकट हुबेहूब जुळवायची तर ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागा फरशीवर चिकटपट्टीने खुणावून ठेवाव्यात आणि भिंगाचे फोकल लेंग्थ (दृश्याचा किती भाग चौकटीत मावेल ते ठरवणारा आकडा), कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची व स्टुलाची जागा वहीत लिहून ठेवावी. कॅमेऱ्याची उंची ही केवळ तांत्रिक नोंद नाही. मावशी स्टुलावर बसलेल्या असताना कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर असावा. उभ्या माणसाच्या उंचीवरून खाली पाहिले की नकळत त्यांच्याविषयी कणव मागितली जाते. कणव आणि आदर यांतला फरक अनेकदा त्या वीत-दोन वीत उंचीत असतो, असा माझा अनुभव आहे.

वहीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण तीच उत्पादन आहे आणि तीच काळाची साक्षीदारही आहे. एकाच कंपनीच्या, एकाच छपाईच्या किमान चार वह्या घ्याव्यात आणि चित्रीकरणापूर्वी त्या वेगवेगळ्या टप्प्यांपर्यंत भरून ठेवाव्यात: एक कोरी, एक थोडी लिहिलेली, एक अर्ध्याच्या पुढे गेलेली, एक जवळपास संपलेली. त्या अभिनेत्रीच्याच हस्ताक्षरात भरलेल्या असाव्यात. गटातल्या कुणी सुबक अक्षरात भरून दिल्या तर पडद्यावर लिहिणारा हात आणि पानावरची अक्षरे जुळत नाहीत, आणि ते प्रेक्षकाला जाणवल्याशिवाय राहत नाही. आधीची पाने खोडलेली, नंतरची पाने सरळ रांगेतली, असा अक्षराचा प्रवासही तिच्याशी बोलून ठरवावा.

स्वयंपाकघराची खूण पानावर कशी दिसेल, याचाही आधी प्रयोग करावा. पांढऱ्या कागदावर पिठाची बोटे कॅमेऱ्याला जवळजवळ दिसतच नाहीत. अगदी तिरकस प्रकाश टाकला तरच ती उठतात. तेलाचे मात्र तसे नाही. तेल लागलेला कागद अर्धपारदर्शक होतो, त्यामुळे पान उलटताना मागे खिडकीचा उजेड असेल तर डाग दिव्यासारखा उजळतो. वर्षभराच्या तेलकट बोटांनी भरलेले पान एकदाच, अखेरीस, उजेडासमोर उलटले जाणे ही या जाहिरातपटातली सर्वांत सुंदर प्रतिमा होऊ शकते. तिच्यासाठी खिडकीची दिशा आणि दिवसाची वेळ दोन्ही आधी पाहून ठेवायला हवे.

त्यासाठी रेकी, म्हणजे जागेची आधी जाऊन पाहणी, करावी, आणि ती ज्या वेळी चित्रीकरण करायचे त्याच वेळी करावी. पेठांतल्या जुन्या वाड्यांमध्ये आणि अरुंद बोळांत ऊन थेट आत येते तो वेळ फार थोडा असतो. मेसचे स्वयंपाकघर दुपारची जेवणे आटोपल्यावर, साधारण तीन वाजता, मोकळे होते आणि सहाच्या सुमारास रात्रीच्या पोळ्यांची तयारी सुरू होते. म्हणजे हाती तीन तास. या तीन तासांत ट्रायपॉडवरच्या स्थिर चौकटी आणि अभिनयाचे शॉट घ्यावेत. लाटणे, भाजणे, डबे भरणे हे खरे काम खऱ्या गर्दीच्या वेळी, फक्त दोन माणसांनी आत जाऊन, कुणाच्या पायात न येता टिपावे. मेसवाल्यांचे त्या दिवसाचे काम खोळंबले तर त्याचा मोबदला द्यावा. विद्यार्थी आहोत म्हणून सगळे फुकट मिळावे, ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही, विशेषतः ज्यांच्या कष्टांवर आपण चित्रपट करत आहोत त्यांच्याकडून तर मुळीच नाही.

स्वयंपाकघरात ट्यूबलाइट असते आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, म्हणून कॅमेऱ्याचा फ्रेम रेट सेकंदाला २५ आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड पडण्याचा वेळ, १/५० सेकंद असा ठेवावा. अनेक मोबाइल मुळातच ३० फ्रेमवर लावलेले असतात आणि शटर स्वतःच बदलत राहतात. परिणामी चित्रात दिवा फडफडतो किंवा आडव्या पट्ट्या सरकतात, आणि हा दोष संकलनात सहजी जात नाही. व्हाइट बॅलन्सही (उजेडानुसार रंग जुळवण्याची सोय) हाताने लावून कायम ठेवावा, नाहीतर मावशींनी मान वळवली की पानाचा रंग बदलतो. चारही ऋतू एकाच दिवसात चित्रित करायचे असतील तर प्रकाशातही फरक करावा: पावसाळ्यासाठी खिडकीबाहेर पातळ पांढरे कापड ताणून उजेड मऊ करावा, उन्हाळ्याच्या चौकटीसाठी ते काढून टाकावे. एवढे पुरते.

आता अभिनय. भावनिक जाहिरातपट म्हटले की विद्यार्थी दिग्दर्शक अभिनेत्रीला भावना सांगतो: 'इथे तुम्हाला वाईट वाटतंय', 'इथे हरल्यासारखं दाखवा'. त्यातून चेहऱ्यावर एक सर्वसाधारण दुःख येते, जे कोणत्याही जाहिरातीत चालेल. त्याऐवजी काम सांगावे आणि कामात अडथळा ठेवावा. 'हे उदाहरण सोडवायचं आहे, पण भाजी करपायच्या आत उठायचं आहे' एवढे सांगितले की हात, नजर आणि खांदे आपोआप खरे वागू लागतात. दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. त्यातले एक उदाहरण अभिनेत्रीला खरोखरच सोडवायला द्यावे, आणि तिला ते आधी समजावून सांगू नये. अडलेल्या माणसाचा चेहरा फार बोलका असतो, आणि त्याची नक्कल क्वचितच साधते.

रडू आणावे का, हा प्रश्न प्रत्येक गट विचारतो. एका गटाचा कच्चा जोड, म्हणजे संकलनाचा पहिला ढोबळ मसुदा, पाहताना मला त्याचे उत्तर स्पष्ट दिसले. त्यात नायिका तीन वेळा रडत होती आणि खोलीतले सगळे शांतपणे, काहीसे शिष्टाचाराने पाहत होते. मग एक शॉट आला, ज्यात ती निकाल कळल्यावर ओला हात पदराला पुसते, वही उचलते आणि ती भिजू नये म्हणून फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवते. तिथे दोघा-तिघांनी डोळे पुसले. पात्र आवरते तेव्हा प्रेक्षकाला भरून येते, हे मी तेव्हापासून प्रत्येक गटाला सांगतो. निकालाच्या शॉटमध्ये चेहरा कोरा ठेवायला मुले घाबरतात, पण त्यांनी संकलनावर विश्वास ठेवावा. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकाच नटाचा निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाटीला, कधी शवपेटीला जोडून दाखवला, तेव्हा प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक आणि शोक दिसल्याचे सांगितले जाते. मावशी मोबाइलवर निकाल पाहतात, कोऱ्या चेहऱ्याने. पुढचा शॉट फडताळातल्या वहीचा. त्यापुढे रिकामे स्टूल. शोक प्रेक्षक स्वतःच आणतो.

मावशी का शिकत आहेत, हे दिग्दर्शकाला आणि अभिनेत्रीला नेमके ठाऊक असावे. पण जाहिरातीत ते सांगू नये. निवेदनातून कारण सांगितले की कथा त्या एका कारणापुरती उरते. संवादही दोनच वाक्यांचे पुरतात. जेवायला लवकर आलेला एक मुलगा दारातून विचारतो, "मावशी, झालं का गणित?" आणि त्या वर न पाहता म्हणतात, "एक राहिलंय." हेच वाक्य शेवटी, स्टुलावर परत येऊन बसल्यावर, त्यांच्याकडून पुन्हा यावे. पहिल्या वेळी ते नुसते उत्तर असते. दुसऱ्या वेळी त्याचा अर्थ बदललेला असतो, आणि त्यासाठी आवाज मुद्दाम जड करण्याची काहीही गरज नसते.

परत येण्याच्या त्या बारा सेकंदांत मावशींनी काय करावे, याचा मी बराच विचार केला आहे. त्यांनी चुकलेले जुने उदाहरण काढावे, ते खोडू नये, आणि त्याच्याच खाली तेच उदाहरण पुन्हा मांडायला घ्यावे. मग पान भरते, उजेडासमोर उलटते, तेलाचे डाग चमकतात, आणि कोरे पान समोर येते. त्यावर वहीचे नाव आणि दोन शब्द: 'पुढचे पान'. पुरवणी परीक्षेचा निकाल, पेढे, हार, मेसमधल्या मुलांच्या टाळ्या यांतले काहीही दाखवू नये. यश दाखवले की चिकाटी त्या यशाची किंमत होऊन बसते, आणि ज्याला अजून यश मिळालेले नाही असा प्रेक्षक, जो या शहरात पुष्कळ आहे, त्या जाहिरातीच्या बाहेर राहतो. घोषवाक्यासाठी 'प्रयत्नांती परमेश्वर'सारखी म्हण जवळची वाटेल. ती इतकी ऐकलेली आहे की प्रेक्षक तिथे ऐकणेच थांबवतो.

ध्वनीकडे विद्यार्थी सर्वांत कमी वेळ देतात, आणि येथे तर ध्वनीत मोठी संपत्ती आहे. पोळी लाटताना बांगड्या एका लयीत वाजतात, आणि खोडरबराने खोडताना त्याच बांगड्या जवळजवळ त्याच लयीत वाजतात. पहिल्या आवाजावरून दुसऱ्यावर जाणारा जोड दोन कामांना एका हाताने बांधतो, आणि तो दाखवायला एकही शब्द लागत नाही. बांगड्या काचेच्या असाव्यात. धातूच्या बांगड्या माइकवर कर्कश येतात. एक्झॉस्ट पंखा आणि फ्रीज चित्रीकरणापुरते बंद करावेत, आणि सर्व शॉट झाल्यावर सगळ्यांनी स्तब्ध राहून खोलीचा नुसता आवाज मिनिटभर ध्वनिमुद्रित करावा. रिकाम्या स्टुलाच्या सहा सेकंदांखाली तोच लागणार आहे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत नदीकाठी आणि मोकळ्या मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू असतो, तेव्हा त्या भागात ध्वनिमुद्रणाचा बेत आखू नये. संगीत ठेवायचेच असेल तर मावशी परत येऊन बसल्यावर सुरू करावे, त्याआधी नाही. लोकप्रिय चित्रपटगीताचा तुकडा विनापरवाना वापरू नये. एखाद्या संगीत शिकणाऱ्या मित्राकडून संवादिनीचे किंवा सारंगीचे चार स्वर वाजवून घ्यावेत आणि वापराची परवानगी लेखी घ्यावी.

चित्रपट पाहण्याची सोय या शहरात उत्तम आहे, तिचा लाभ घ्यावा. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून पुण्यात आली, तिच्याच जागेवर १९६० साली आजची चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था उभी राहिली, आणि १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही येथे आहे. संकलनापूर्वी एखादा मूकपट पाहावा. शब्दांवाचून काळ कसा सरकतो, हे त्यातून जितके कळते तितके आजच्या जाहिराती पाहून कळत नाही.

परवानग्यांचे काम कंटाळवाणे वाटले तरी आधी उरकावे. मेसच्या मालकाची आणि चौकटीत ओळखू येणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी. अठरा वर्षांखालील मुले असतील तर पालकांची. रस्त्यावर ट्रायपॉड मांडायचा असेल तर महानगरपालिका आणि पोलीस यांच्याकडे वेळेत चौकशी करावी. ड्रोनचा मोह टाळावा: लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, आणि मुख्य म्हणजे या कथेला आकाशातून पाहण्यासारखे काही नाही. एखादा शिकवणी वर्ग तुमच्याकडून अशीच जाहिरात करून घेऊ इच्छित असेल तर अधिक सावध राहावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हमखास निवडीचे दावे त्यांत निषिद्ध आहेत, आणि यशस्वी उमेदवाराचे नाव किंवा छायाचित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय, तीही निवड झाल्यानंतर घेतलेली, वापरता येत नाही.

कच्चा जोड तयार झाला की तो आधी गटाबाहेरच्या, आणि शक्य तर खरोखर पोळ्या लाटणाऱ्या बाईंना दाखवावा. कसे वाटले, असे विचारू नये. विचारले की लोक चांगलेच म्हणतात. पडद्याऐवजी त्यांच्याकडे पाहावे आणि नजर कोणत्या सेकंदाला हलली ते लिहून घ्यावे. मग खोटे काय वाटले, एवढाच प्रश्न करावा. आमच्या एका गटाला अशा वेळी उत्तर मिळाले होते की वही कुणी पोळपाटाच्या डाव्या हाताला ठेवणार नाही, कारण लाटताना पीठ त्याच बाजूला उडते. ती चूक आमच्यापैकी कुणालाही दिसली नव्हती. म्हणून चित्रीकरणाच्या वेळापत्रकात फेरचित्रीकरणासाठी अर्धा दिवस आधीच राखून ठेवावा, आणि तोपर्यंत साडी, बांगड्या, चारही वह्या आणि फरशीवरच्या चिकटपट्ट्यांच्या खुणा जागच्या जागी राहू द्याव्यात.